हवाई मील

सरकारनं कर वाढवावा म्हणून देवाला नारळ बोलणारा माणूस साऱ्या देशात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. तुम्ही-आम्ही कर भरतो ते दाढ काढून घ्यायला गेल्यासारखं. जावं तर लागतं, पण जाताना कोणी गात नाही. आमचे साडभाऊ गात जातात. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला घरात सगळे बाई म्हणतात, तिचे हे यजमान. हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटला लहान लाइनीच्या गाड्या होत्या त्या काळात ते रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागले, म्हणजे येणाऱ्या गाडीसाठी रूळ बदलून द्यायचं काम, आणि पुढे यार्डमास्तर होऊन निवृत्त झाले. जन्मभर पॉइंट बदलले आणि म्हातारपणी पॉइंट जमा करायला लागले, असं वॉर्डातले लोक म्हणतात. मी म्हणत नाही, कारण मला दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचं असतं.

हे वेड लागलं ते एका छत्रीपायी. निवृत्तीनंतर बँकेतल्या कुणा गोड आवाजाच्या मुलीनं फोनवरून त्यांच्या गळ्यात क्रेडिट कार्ड बांधलं. बाईनं ते बरेच दिवस तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवलं होतं. मग मिक्सर बिघडला, कार्डावर नवा आला, आणि थोड्या दिवसांनी कुरिअरवाला एक काळी छत्री घेऊन दारात उभा राहिला. खरेदीचे पॉइंट जमले, त्याची ही भेट. साडभाऊंनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि भर उन्हात ती डोक्यावर धरून माझ्या घरी आले. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मला ते सरजी म्हणतात. "सरजी," ते म्हणाले, "आयुष्यभर खर्च केला, पण कोणी साधं शाब्बास नाही म्हटलं. ह्या कार्डानं छत्री पाठवली!" बायकोनं त्यांना ताक दिलं.

त्यानंतर साडभाऊ रोख पैशाकडे परक्याच्या बायकोकडे पाहावं तसं, म्हणजे पाहिलंच नाही असं दाखवून, पाहू लागले. हॉटेलात आम्ही पाच-सहाजण जेवायला गेलो की बिल यायच्या आधीच ते प्रत्येकाकडून त्याच्या वाट्याचे पैसे गोळा करत आणि स्वतःचं कार्ड घेऊन गल्ल्याकडे असे धावत, की वेटरला वाटावं हे बिल बुडवून पळून चालले. पेट्रोल पंपावर तर ते अनोळखी माणसांना गाठत. "भाऊ, तुम्ही मले रोख द्या, मी कार्ड मारतो," असं म्हणताच समोरचा माणूस आधी आपला खिसा चाचपायचा आणि मग गाडी. एकदा वैनगंगेच्या घाटावर आम्ही ओळखीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना पोचवायला गेलो होतो. लाकडांचे पैसे द्यायची वेळ आली. मंडळी हळू आवाजात आपसात बोलत होती, तेवढ्यात साडभाऊ पुढे झाले आणि लाकडं मोजणाऱ्याच्या कानात अत्यंत दुःखी स्वरात विचारते झाले, "कार्ड चालते का?" मी मान फिरवून नदीकडे पाहू लागलो. पण एक सांगतो, त्या घरच्यांकडे तेव्हा पैसे नव्हते, आणि साडभाऊंनी नंतर कधी मागितलेही नाहीत. पॉइंट मिळाले ना, म्हणाले, झालं मग.

पण मिक्सर माणूस किती घेणार आणि जेवणार तरी किती? मोठा खर्च कोणता, याचा शोध घेता घेता त्यांना कर सापडला. कर कार्डानं भरता येतो आणि त्यावरही पॉइंट पडतात, हे ज्या दिवशी त्यांना कळलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "सरजी, सरकार तर घेतेच. पण घेता घेता सरकारच्या हातून काही घेता आलं, तर त्याले अक्कल म्हनते." त्यांच्या दुर्दैवानं पेन्शनवर कर फार थोडा बसत होता. हा अपमान त्यांच्या मनाला लागला. मग त्यांनी आमचे कर भरायला घेतले. मार्च उजाडला की वसुलीवाल्याला चुकवून लोक मागच्या दारानं निघतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्या वॉर्डात लोक साडभाऊंना चुकवू लागले. हातात पिशवी घेऊन ते दारोदार जात. "घराचा टॅक्स भरला का? पाण्याचा? द्या मले रोख, पावती संध्याकाळी आणून देतो." भरलेला असला की त्यांचा चेहरा उतरायचा. "काहून एवढी घाई केली बावा?" असं ते प्रामाणिक नागरिकाला रागावून विचारत. कार्डानं कर भरला की वर चार्ज लागतो, तो मात्र ते स्वतःच्या खिशातून भरत. बाई म्हणायची, "एवढ्या चार्जात तर छत्र्यायचं दुकान टाकलं असतं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तो खर्च वेगळा, ही कमाई वेगळी. दोन लाइनीच्या गाड्या एका लाइनीवर आनू नको." आणि ज्या वर्षी सरकारनं आयकराची मर्यादा वाढवली, त्या वर्षी माझ्या शाळेत पेढे वाटले गेले आणि साडभाऊ दोन वेळा जेवले नाहीत. "आता भरू काय मी?" असं त्यांनी टीव्हीतल्या मंत्र्यांना विचारलं.

पुढे त्यांनी कार्ड बदललं. नव्या कार्डावर छत्र्या मिळत नव्हत्या, विमानाचे मैल मिळत होते. जितका खर्च कराल तितके मैल जमा, आणि पुरेसे साठले की तिकीट फुकट. मोबाइलवर सारं हिंदीत लिहून येई म्हणून साडभाऊ मैल न म्हणता 'हवाई मील' म्हणत. आता ज्या माणसाला रेल्वेचा जन्माचा पास आहे, ज्यानं आयुष्यात एकदाही तिकीट काढलेलं नाही आणि विमान फक्त मान वर करून पाहिलेलं आहे, त्यानं मैल का जमवावेत? पण वेड असं विचारून लागत नाही. ते रोज सकाळी आंघोळ करून, कुंकू लावून, मोबाइल उघडून आपले मील पाहत आणि मग चहा घेत.

आता इथे मला थोडं व्याकरण सांगावं लागेल. आमच्या जिल्ह्यात धान पिकतं आणि धान भरडायच्या गिरण्या जागोजाग आहेत. पुस्तकात त्यांना राइस मिल म्हणतात, पण आमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं कोणाला पडलेलं नाही; सारे मीलच म्हणतात. तर रामपायलीला एका लग्नाच्या पंगतीत साडभाऊंच्या शेजारी किरनापूरचे एक गृहस्थ बसले होते, ज्यांना दुसऱ्यांच्या मुलामुलींची लग्नं जुळवण्याचा छंद होता. त्यांनी विचारलं, "रिटायर झाल्यावर काय करता?" साडभाऊ भातावर वरण ओतून घेत म्हणाले, "काही नाही, मील जमवतो. आता बरेच झाले." त्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. "मील? कोनत्या?" "हवाई," साडभाऊ म्हणाले. धुरांड्याशिवाय, हवेच्या झोतावर चालणारी नवी मशिनं आलीच आहेत; त्या गृहस्थांनी मनातल्या मनात साडभाऊंना जिल्ह्यातल्या सगळ्यात आधुनिक गिरण्यांचं मालक करून टाकलं आणि आणखी भात घेतला.

साडभाऊंना एकच मुलगी, स्वाती. शहाणी, मोजकं बोलणारी, आणि बोलली तर हिंदीत. त्या किरनापूरच्या गृहस्थांनी तिच्यासाठी गोंदियाचं स्थळ आणलं. मुलगा गुवाहाटीला औषधांच्या कंपनीत, वडील गोंदियाच्या बाजारात धानाचे अडतिये. मुलगा-मुलगी आधी फोनवर बोलले, मग बोलतच राहिले. स्वाती भाजी निवडताना हसायला लागली, तेव्हा बाई ओळखायचं ते ओळखून गेली. मग मुलाचे वडील घर पाहायला आले. मीही होतो. पोहे झाले आणि ते सरळ धंद्यावर आले.

"मील कुठीसा हाय तुमचं?"

"बँकेतच म्हना ना," साडभाऊ म्हणाले.

"बँकेजवळ! मोक्याची जागा हाय. मंग देखरेख कोन करते?"

"मीच. रोज सकाळी मोबाइलवर पाहतो."

"कॅमेरे लावले असतीन. बरं हाय. पन चालवत राहा लागते, नाही का?"

"हौ तर! वापरले नाही तर वाया जातेत."

"गंज लागते ना," अडतिये म्हणाले. "अन् टॅक्सची भानगड?"

साडभाऊंच्या अंगात वीज संचारली. "टॅक्स तर मी मनापासून भरतो! माह्या एकट्याच्यानं भागत नाही म्हनून मोहल्ल्यातल्या लोकायचाही भरतो." अडतियांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण ते अगदी खरं होतं. आपला व्याही लोकांचे कर भरून देण्याइतका मोठा असामी आहे, हे पाहून त्यांनी देण्याघेण्याचा विषयसुद्धा काढला नाही. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवूनच ते उठले.

साक्षगंधाला आठवडा राहिला असेल. दुपारी मी साडभाऊंच्या अंगणात खुर्च्यांचा हिशेब लावत होतो, तेवढ्यात एक मालगाडीसारखा आवाज करत छोटा ट्रक गल्लीत शिरला आणि बाईच्या तुळशीला टेकून थांबला. वरून अडतिये उतरले, तोंडभर हसू. ड्रायव्हरनं धानाची पोती भराभर अंगणात उतरवायला सुरुवात केली.

"साक्षगंधाचा भात इवायाच्या मीलमधूनच निघला पाह्यजे, असं घरच्याइनं ठरवलं," अडतिये म्हणाले; व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात. "कुठीसा हाय? चला, पोती तिकडंच नेऊ."

"कोनती मील?"

"तुमची. हवाई!"

"ते होय!" साडभाऊंचा चेहरा फुलला. आजवर कोणी आपणहून त्यांचे मील पाहायला आलं नव्हतं. त्यांनी मोबाइल काढून अडतियांच्या हातात दिला. "हे पाहा. हा आकडा दिसते ना, ते सारे माह्येच मील."

अडतियांनी मोबाइल उलटा केला, सुलटा केला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "मंग धान याच्यात कुठून टाकू?"

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी सारा घोळ ध्यानात आला. कोणीतरी समजावून सांगणं भाग होतं. मी विमान, अंतर, मैल, कार्ड, कर असं सगळं वर्गात सांगतो तसं सांगितलं. वर्गात मुलांचे चेहरे जसे होतात तसाच अडतियांचा झाला, फक्त शेवटी तो लाल झाला. "म्हनजे मील नाहीच?" "मील हायत," साडभाऊ म्हणाले, "गिरनी नाही." "अहो, आमी साऱ्या बाजारात सांगून बसलो, इवाई मीलवाले हायत म्हनून. आता काय तोंड दाखवू? राहू द्या. साक्षगंधाचं मी मंग कळवतो." ट्रक आला होता त्याहून मोठा आवाज करत निघून गेला. रागाच्या भरात पोती घ्यायची राहिली. ती अंगणात तशीच पडून होती.

स्वाती दारात उभी होती. साक्षगंधाच्या साडीचं पाकीट अजून तिच्या हातात होतं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. "पापा, मैंने उनको कहा था कि मेरे पापा कभी झूठ नहीं बोलते," ती म्हणाली. "मी झूठ नाही बोललो, बेटा." "मुझे पता है. पर अब मानेगा कौन?" एवढं बोलून ती आत गेली. साडभाऊ पोत्यावर बसून राहिले. बाई येऊन त्यांच्या शेजारच्या पोत्यावर बसली. त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. "चला सरजी, धान भरडून आनू." आम्ही ऑटोत पोती घालून गावाबाहेरच्या एका गिरणीवर गेलो. आमच्याकडे चाल अशी, की थोडंसं धान भरडायला नेलं तर गिरणीवाला पैसे घेत नाही. तांदूळ तुमचा, आणि भरडाईच्या बदल्यात कोंडा आणि कणी त्याची. कोंडा जनावरांना विकला जातो, त्यात त्याचं सुटतं. साडभाऊ म्हणाले, "भरडाईचे पैसे घ्या, पन कोंडा-कनी मले परत पाह्यजे." गिरणीवाल्यानं खांदे उडवले. साडभाऊंनी खिशातून नोटा काढून मोजून दिल्या. त्याच्या टेबलावर कार्डाचं मशीन होतं. साडभाऊंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काय बिनसलं आहे ते मला तेव्हा खरं कळलं.

दुपारच्या गाडीनं पोत्यांसकट आम्ही गोंदियाला गेलो. अडतिये बाजारातल्या आपल्या गादीवर बसले होते. त्यांनी या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. साडभाऊंनी पोती त्यांच्यासमोर ठेवली. "तुमचं धान. याच्यातून निघलं ते सारं हाय. तूस तेवढं मीलवर टाकून आलो."

अडतियांनी सवयीनं तांदूळ तळहातावर घेतला, फुंकला, खाली टाकला. मग शेवटच्या पोत्याचं तोंड सोडलं. "हे काय?"

"कोंडा."

"कोंडा तर मीलवाला ठेवते."

"मी भरडाई रोख देल्ली. धान तुमचं, मंग कोंडाही तुमचाच."

अडतिये कोंड्यात हात घालून तसेच बसले. साडभाऊ उभ्याउभ्याच म्हणाले, "इवाई, माह्याजवळ गिरनी नाही. होती असं मी कधी म्हटलं नाही, पन तुमाले वाटलं, अन् ते मले समजलं नाही, एवढी चूक माही. माह्याजवळ एक पोरगी हाय. तिनं काही चूक केली नाही. तुमची लाइन क्लिअर असंल तर सांगा, नाही तर मी गाडी मांगं घेतो." मी खाली पाहत होतो.

"तांदूळ परत देनारे पाह्यले मी," अडतिये म्हणाले. "कोंडा परत आननारा मानूस काही पाह्यला नव्हता." त्यांनी गादीवरून सरकून जागा केली आणि चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "पन मले एक सांगा. माह्याही टॅक्सवर मील पडतीन का?" साडभाऊंनी डोळे पुसले आणि मोबाइल काढला. परतीची गाडी आमची चुकली.

लग्न थाटात झालं. आणि आठ दिवसांनी जावई-मुलगी नागपूरहून विमानानं गुवाहाटीला निघाले, साडभाऊंच्या जमवलेल्या सगळ्या मीलांवर. आम्ही पोचवायला गेलो. विमानतळाच्या दारावरच्या शिपायानं सांगितलं, तिकीट असेल तोच आत जाईल. ज्या माणसाला कुठल्या फलाटावर कधी कोणी अडवलं नव्हतं, तो दाराबाहेर उभा राहिला. काचेपलीकडे स्वाती वळून वळून हात हलवत होती, मग गर्दीत दिसेनाशी झाली. "रेल्वेत बरं असते, सरजी," ते म्हणाले. "गाडी सुटली तरी खिडकीसंग चार पावलं चालता येते." परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, गुवाहाटी किती दूर? मी किलोमीटर सांगितले. "तसं नको. मीलमध्ये सांगा." मी मनाशी हिशेब करून सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "एवढ्या वर्षांचे जमवलेले," ते म्हणाले, "सारे पोरीच्या अन् माह्या मधातच येऊन पडले."

मला वाटलं होतं, आता हे वेड जाईल. पण यंदा वर्ष संपायला बराच अवकाश असताना ते भल्या सकाळीच पिशवी घेऊन दारात आले. थोडे वाकले आहेत, पायऱ्या चढताना थांबतात. "जायाचं तिकीट झालं, सरजी," ते म्हणाले. "आता तिचं यायाचं जमवा लागते." घराचा कर अजून आकारलाही गेला नव्हता. मी आत जाऊन बायकोला उठवलं, कपाटातले होते तेवढे पैसे आणून त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, पुढच्या वर्षीचाही भरून टाका.